सेफ्टी ऑडिट करूनही विम्याचा हप्ता उतरत नाही? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात पाहणीला गेले होते. मालकांनी चहाच्या आधीच जाडजूड सेफ्टी ऑडिट रिपोर्ट पुढे ठेवला. म्हणाले, "एवढा खर्च केला मॅडम, पण विमा कंपनीनं एक रुपया कमी केला नाही." मी शेवटचा तक्ता उघडला. २३ शिफारशी होत्या, आणि 'पूर्तता' हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. ऑडिट होऊन चौदा महिने उलटले होते.

बहुतेक कारखान्यांचं गाडं इथंच अडतं. सूट ऑडिट केल्याबद्दल मिळत नाही, ऑडिटमध्ये सापडलेला धोका कमी केल्याबद्दल मिळते. कोरा रकाना असलेला रिपोर्ट तर उलटच बोलतो: धोका माहीत होता, तरी हात लावला नाही.

यामागं एक जुना समजही आहे. आगीच्या विम्याचे दर पूर्वी टॅरिफनं, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारख्याच दरपत्रकानं, बांधलेले असायचे आणि हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचे नळ), स्प्रिंकलर (छतावरचे पाण्याचे फवारे) बसवले की ठरलेली सूट मिळायची. १ जानेवारी २००७ पासून ते बंधन सुटलं. आता सूट अंडररायटर, म्हणजे विमा कंपनीत धोका जोखून दर ठरवणारा माणूस, ठरवतो, आणि लहान-मध्यम कारखाना त्यानं सहसा पाहिलेलाही नसतो. तुमचे कागद आणि फोटो हेच त्याचे डोळे.

म्हणून प्रत्येक शिफारशीसमोर चार गोष्टी हव्यात: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, कामाचं बिल आणि तारीख. बिनखर्चाची कामं आधी उरका. इलेक्ट्रिक पॅनलसमोर रचलेला माल हलवायला पैसे लागत नाहीत. एखाद्या कामाला वेळ लागणार असेल तर तसं लिहा, कोण करणार आणि कधीपर्यंत तेही लिहा. अर्धवट पण खरा तक्ता चालतो. सगळीकडे 'पूर्ण' लिहिलं आणि पाहणीला आलेल्या इंजिनिअरला दुसऱ्याच मिनिटाला उघडी वायर दिसली, तर बाकीच्या बावीस कामांवरचा विश्वासही उडतो.

पंप 'मॅन्युअल'वर ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. हायड्रंट लाइन आहे, जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप), मेन पंप, डिझेल पंप सगळं आहे, आणि पॅनलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर. एका ठिकाणी ऑपरेटरला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "ऑटोवर ठेवला की सारखा चालू-बंद होतो मॅडम. जमिनीखाली लाइन गळतीय कुठंतरी." म्हणजे गळती शोधण्याऐवजी पंपच गप्प केला होता! रात्री तीनला आग लागली तर तो स्विच फिरवायला कोण धावणार?

याच यंत्रणेच्या जोरावर सूट घेतलेली असते. ती चालू ठेवण्याची अट पॉलिसीत वॉरंटी, म्हणजे पाळावीच लागणारी अट, म्हणून असेल आणि नुकसानीच्या दिवशी पंप बंद सापडला, तर हप्त्यात वाचलेले काही हजार सोडा, दावाच अडचणीत येतो. दर आठवड्याला पंप चालवून बघा. सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर दाब किती येतो ते मोजा, साधारण साडेतीन बार तरी हवा. आकडा वहीत लिहा, खाली सही. ही वही रिपोर्टइतकीच मोलाची आहे.

अग्निशामक सिलिंडरचंही तेच. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का हे सगळे बघतात. सीओटूच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. भरलेल्या गॅसपैकी दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल तर पुन्हा भरायला द्यायचा. 'तपासले' असा टॅग लटकतोय, पण वजनाची नोंद कुठंच नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

सिलिंडर विकणाऱ्याकडूनच ऑडिट

फुकट मिळतं म्हणून लोक घेतात. त्यात निघणारा निष्कर्ष बहुधा 'आणखी सिलिंडर घ्या' असतो, वायरिंग आणि साठवणुकीवर दोन ओळी. आयएस १४४८९ हे भारतीय मानक धरून काम करणारा स्वतंत्र ऑडिटर घ्या. आणि फायरचा 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, हे सेफ्टी ऑडिट नव्हे. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार तो जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून द्यावाच लागतो. तो फाइलला जोडा, पण त्यावर सूट मागू नका.

विमा रक्कमच कमी दाखवणं

हप्ता उतरवायचा हा सोपा आणि घातक मार्ग. एक कोटीच्या मालमत्तेचा ६० लाखांचा विमा घेतला आणि १० लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या नियमानं हातात ६ लाखच येऊ शकतात. पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या आगीच्या विमा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे नाही. घासाघीस दरावर करा, रकमेवर नको.

कामगारांच्या विम्यातली गफलत

ईएसआयमध्ये (कामगारांसाठीची सरकारी विमा योजना) मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के ठरलेला आहे, ऑडिट कितीही चांगलं असो. वाव आहे तो ईएसआयबाहेरच्या कामगारांसाठीच्या एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसीत, म्हणजे कामावरच्या अपघाताची भरपाई देणाऱ्या विम्यात. तिथं मागच्या काही वर्षांचे दावे बघतात, म्हणून अपघातांची वही खरी ठेवा. 'थोडक्यात वाचला' असे प्रसंगही लिहा. पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या शंभर माणसांच्या प्रेस शॉपची वही वर्षभर कोरी दिसली, तर वाचणाऱ्याला ती सुरक्षितता वाटत नाही, लपवाछपवी वाटते. ठेकेदाराची माणसं विमा कंपनीला द्यायच्या घोषणेतून वगळून पगाराचा आकडा कमी दाखवू नका. ती तुमच्या शेडमध्ये राबतात, बोट तुटलं तर जबाबदारी तुमच्यापर्यंत येते.

शेवटच्या आठवड्यात जाग येणं

पॉलिसी ३१ मार्चला संपत असेल तर २५ मार्चला पाठवलेला रिपोर्ट कुणी उघडतही नाही. दिवाळीनंतर ऑडिट, डिसेंबर-जानेवारीत दुरुस्त्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पूर्ततेचा तक्ता आणि दाव्यांचा इतिहास अंडररायटरकडे. सोबत 'तुमचा रिस्क इंजिनिअर पाहणीला पाठवा' अशी विनंती स्वतःहून करा. सूट किती ते लेखी कोटेशनमध्ये मागा, आणि तिला जोडलेली प्रत्येक अट पंप ऑपरेटरला मराठीत वाचून दाखवा.