लॅटिनो स्थलांतरितांसोबत मानसोपचाराचं काम करताना या चुका टाळा

अमेरिकेत समाजकार्य, समुपदेशन किंवा मनोविकारशास्त्र शिकून तिथेच नोकरीला लागलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत. टेक्सस, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा राज्यांत सार्वजनिक दवाखान्यात काम मिळालं की समोर येणाऱ्यांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची, माणसं मोठ्या संख्येनं असतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची देशभरातली संख्या ६ कोटी २१ लाख होती. झोप लागत नाही, छाती धडधडते, मुलांवर उगाच ओरडलं जातं, अशा तक्रारी घेऊन ती येतात आणि पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या भेटीनंतर येईनाशी होतात. मग फायलीत ‘उपचारात रस नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. येणाऱ्याची गरज खरी असते, आपली पद्धत त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

चूक १: ‘मीही परदेशातून आलोय, मला कळतं’

ही चूक खास आपली, म्हणून आधी तीच. साम्यं खरोखर आहेत. आईवडिलांचा शब्द मोडवत नाही, दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतात, धाकट्या बहिणीची जबाबदारी अंगावर असते, अडचण आली की नवस बोलला जातो. हे ऐकताना घरचंच काही ऐकतोय असं वाटतं, आपली मान डोलते आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

फरक मात्र फार मोठा आहे. विद्यार्थी म्हणून किंवा एच-१बी व्हिसावर विमानानं उतरलेल्या माणसाची काळजी आणि कोलंबिया-पनामा सीमेवरच्या दारिएनच्या जंगलातून चालत, पुढे अख्खा मेक्सिको ओलांडून आलेल्या बाईची काळजी एका मापानं मोजता येत नाही. वाटेत लुटालूट होते, माणसं पलीकडे नेणाऱ्या दलालांना द्यायला कर्ज काढलेलं असतं, काहींच्या वाट्याला लैंगिक अत्याचार येतात. आपला व्हिसा संपला तर आपण पुण्याला किंवा नागपूरला परत जातो. तिला परत जायचं म्हणजे कदाचित ज्या टोळीच्या भीतीनं ती निघाली, त्याच टोळीच्या गल्लीत जायचं असतं. शिवाय तिच्या नजरेला आपण सहप्रवासी दिसत नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, संगणकावर तिची माहिती भरणारा संस्थेचा माणूस दिसतो.

म्हणून साम्य मनात असू द्या, बोलून दाखवायची घाई नको. मेलानी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक नम्रते’ची कल्पना मांडली. दुसऱ्याच्या संस्कृतीत आपण कधीच पारंगत होत नाही, शिकणं आयुष्यभर चालू राहतं, असं त्यांचं म्हणणं. ते प्रत्यक्षात आणायचं साधन हाताशी आहे. मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी संदर्भग्रंथात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले आहेत. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, तुमच्या घरचे काय म्हणतात, आधी कोणाकडे मदत मागितलीत, अशा धर्तीचे. ते कागदावरून वाचून दाखवू नका, गप्पांच्या ओघात विचारा. मी तर म्हणेन, पहिल्या भेटीत एवढं नीट झालं तरी पुष्कळ झालं.

चूक २: सगळ्यांना एका गोणीत भरणं

प्वेर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांना हद्दपारीची भीती नाही, पण चक्रीवादळानं घर गेल्याचं दुःख असू शकतं. क्युबातून आलेल्यांसाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे. एल साल्वादोरच्या अनेकांना २००१ च्या भूकंपांनंतर हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं आणि ते पुढे चालू राहील की नाही या टांगणीवर त्यांनी वर्षानुवर्षं काढली. लहानपणी आणलेली, आता तिशी ओलांडलेली मुलं हद्दपारी लांबणीवर टाकणाऱ्या २०१२ च्या ‘डाका’ सवलतीवर जगतात आणि ती पुन्हापुन्हा नूतनीकरण करून घ्यावी लागते. दर वेळी अर्ज भरताना छातीत कळ येणाऱ्या माणसाला फक्त श्वासाचे व्यायाम देऊन कसं चालेल?

भाषेचंही तसंच. ग्वातेमालाहून आलेल्या अनेकांची घरची भाषा माम किंवा किचे असते, मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्यांची मिश्तेको किंवा सापोतेको. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये माम बोलणारी मोठी वस्ती आहे. अशा माणसासमोर स्पॅनिश दुभाषी बसवला की तो नम्रपणे ‘सी, सी’ (हो, हो) म्हणत राहतो आणि निम्मं त्याच्या डोक्यावरून जातं. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न नोंदणीच्या खिडकीवरच विचारला गेला पाहिजे.

सगळे कॅथलिक असतात हाही गैरसमज. प्यू संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी ४३ टक्क्यांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं. एखाद्या इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) माणसाला ग्वादालुपेच्या मातेबद्दल, म्हणजे मेक्सिकोतल्या कॅथलिकांच्या मेरीमातेबद्दल, आपुलकीनं विचारायला जाल आणि तो अवघडून बसेल. ‘लॅटिनेक्स’ हा स्त्री-पुरुष भेद टाळणारा, विद्यापीठांतून रुळलेला शब्दही जपून वापरा. प्यूच्याच २०२० च्या अहवालानुसार तो स्वतःसाठी वापरणारे जेमतेम ३ टक्के होते. माणूस स्वतःला मेक्सिकन, होंडुरन, बोरिकुआ (प्वेर्तो रिकोचा) जे म्हणवतो, ते म्हणा.

चूक ३: शरीराची तक्रार बाजूला सारणं

डोकं दुखतं, पोटात गोळा येतो, छातीत उष्णता चढते. ‘नेर्व्हिओस’ (शब्दशः ‘नसा’, म्हणजे मनाची अस्वस्थता) झालेत, असंही कोणी सांगेल. ‘हे सगळं मनाचं आहे’ असं त्यावर म्हटलंत की दार बंद झालं समजा. आधी थायरॉइड, हृदय, रक्तातली साखर तपासून घ्या, कारण शेतात किंवा मांस कारखान्यात राबणाऱ्या माणसाची शेवटची तपासणी कधी झाली होती, सांगता येत नाही. मग त्याच तक्रारीचा धागा धरून पुढे जा: दुखायला कधी लागतं, त्या दिवशी काय झालेलं असतं?

‘आताके दे नेर्व्हिओस’, म्हणजे ‘नेर्व्हिओस’चा झटका, तर प्रत्येकानं ओळखायलाच हवा. कॅरिबियन लॅटिनोंमध्ये तो विशेष आढळतो, इतरत्रही दिसतो. घरात मृत्यूची बातमी येते, मोठं भांडण होतं आणि माणूस किंचाळतो, रडतो, थरथरतो, छातीतली उष्णता डोक्यात चढल्याचं सांगतो, कधी बेशुद्ध पडतो. प्वेर्तो रिकोत १९८५ साली पूर आले आणि दरडी कोसळल्या. त्यानंतर पीटर ग्वार्नाचिया आणि सहकाऱ्यांनी या झटक्यांचा बारकाईनं अभ्यास केला. पॅनिक अटॅकपासून तो वेगळा ओळखायची खूण अशी, की याच्या आधी बहुधा ठळक घटना घडलेली असते आणि पॅनिकमधली ती अचानक मरणभीती पुष्कळदा नसते. जीएडी-७ ची सात प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांतल्या काळजीबद्दल विचारते, त्यामुळे तिच्या जाळीतून हे निसटतं.

अशा झटक्याला वेडाचा झटका समजून जड औषधं सुरू करणं ही गंभीर चूक आहे. आधी काय घडलं, जवळ कोण होतं, घरच्यांनी काय केलं, नंतर हलकं वाटलं का, हे विचारा. तो झटका घरच्यांना उद्देशून केलेला आक्रोश असू शकतो आणि घरच्यांना तो कळलेलाही असतो. मात्र झटके वारंवार येत असतील तर नैराश्य, आघाताचे परिणाम आणि आत्महत्येचे विचार यांची चौकशी केल्याशिवाय राहू नका.

चूक ४: मुलीला दुभाषी बनवणं

आईसोबत बारा वर्षांची मुलगी आली आहे, तिला इंग्रजी छान येतं, दुभाषी मिळायला वेळ लागणार. मोह होतो, पण नको. आई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मुलीच्या तोंडून कशी बोलेल? मुलीनं ते ऐकून काय करायचं? शिवाय २०१६ पासून केंद्र सरकारच्या नियमानं, आणीबाणी वगळता, सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई आहे. फोनवरचा प्रशिक्षित दुभाषी घ्या आणि बोलताना दुभाष्याकडे न बघता आईकडे बघा.

चूक ५: पहिल्या भेटीत कागद आणि आठवणी दोन्ही उपसणं

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं रुग्णालयं, शाळा, चर्च अशा ठिकाणी स्थलांतर खात्याची कारवाई टाळण्याचं जुनं धोरण मागे घेतलं. तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढणं हाच काहींसाठी धोका झाला आहे. अशा माणसाला पहिल्याच तासाला दहा पानी अर्ज देऊन ‘देशात कसे आलात?’ विचारलं तर तो परत कशाला येईल?

आधी थोडं बोलणं होऊ द्या: गाव कुठलं, मुलं कितवीत, कामावर जायला बस मिळते का. लॅटिनो लोक ज्याला ‘कॉन्फियान्सा’ म्हणतात तो विश्वास इथूनच सुरू होतो. वयानं मोठ्या माणसाला ‘उस्तेद’ (आदराचं ‘तुम्ही’) म्हणा; आजीला अरे-तुरे केल्यावर आपल्याकडे जे होईल तेच तिथे होतं. मग गोपनीयता सोप्या शब्दांत सांगा: काय कोणालाच सांगणार नाही, आणि कोणत्या परिस्थितीत कायद्यानं सांगावं लागेल. नोंदीत स्थलांतराचा दर्जा लिहू नका. ‘कुटुंबाच्या भवितव्याची काळजी’ एवढं उपचाराला पुरतं. आश्रयाच्या अर्जासाठी वकिलानं मागितलेला मानसिक अहवाल हे वेगळं काम आहे, ते वेगळंच ठेवा.

चूक ६: खऱ्या धोक्याला ‘विचारातली चूक’ म्हणणं

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. विचार-वर्तन उपचारात आपण विचारतो, ‘या भीतीला पुरावा काय?’ पण शेजारचा माणूस गेल्या आठवड्यात कामावरून परतलाच नाही, हा पुरावाच आहे. नवऱ्याला पकडून नेतील असं वाटणाऱ्या बाईला ‘तुम्ही टोकाचा विचार करताय’ असं सांगणं म्हणजे तिला एकटं पाडणं.

भीतीचे दोन भाग करा. पहिला भाग खरा धोका, त्यावर तयारी हा इलाज. दोघांना अटक झाली तर शाळेतून मुलांना कोण आणेल, त्याचं नाव शाळेत नोंदलं आहे का, मुलांचे जन्मदाखले आणि औषधांची यादी कुठे ठेवली आहे, ओळखीच्या वकिलाचा नंबर पाठ आहे का? कायद्याचा सल्ला आपण द्यायचा नाही, स्थलांतरितांसाठी विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांची खात्रीची यादी मात्र टेबलावर हवी, कारण ‘नोतारिओ’ म्हणवून घेणारे बनावट सल्लागार अशा लोकांना सर्रास लुबाडतात. दुसरा भाग म्हणजे रात्री दोन वाजता तेच ते डोक्यात फिरणं. त्यावर आपली नेहमीची साधनं चालतात, आणि पहिला भाग हाताळल्यानंतरच चालतात. तयारीची यादी पुरी झाल्यावर, तोवर निरुपयोगी वाटलेला श्वासाचा व्यायाम लागू पडू शकतो.

गिलेर्मो बेर्नाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उपचार संस्कृतीशी जुळवून घेण्याचे आठ पैलू मांडले. भाषेसोबत त्यात परिस्थिती हाही एक पैलू आहे. आपण भाषांतरावर थांबतो आणि परिस्थिती विसरतो.

चूक ७: ‘नाही म्हणायला शिका’

मुलगा दोन नोकऱ्या करून होंडुरसला आईकडे पैसे पाठवतो, थकला आहे. आपला सल्ला तयार असतो: मर्यादा आखा. होंडुरस, एल साल्वादोर यांच्या अर्थव्यवस्थेचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग अशा पाठवलेल्या पैशांचा आहे. ते पैसे थांबवणं म्हणजे त्याच्या लेखी आईला टाकणं. त्यापेक्षा किती, कधी, कोणत्या भावंडासोबत वाटून, यावर बोला. जमल्यास आईला एखाद्या भेटीत व्हिडिओ कॉलवर घ्या. कुटुंब हा ताण आहे तसा आधारही आहे. संशोधक विल्यम वेगा यांच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत झालेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मेक्सिकोत जन्मलेल्या स्थलांतरितांत मानसिक विकारांचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांपेक्षा कमी आढळलं होतं. हरवलेल्या गोष्टी मोजताना टिकलेल्याही मोजा.

आजीकडे ठेवलेलं मूल आठ-दहा वर्षांनी आईकडे येतं तेव्हा मात्र सांभाळून. आईला वाटतं, मी याच्यासाठीच झिजले. मुलाला वाटतं, ही मला सोडून गेली, आणि माझी खरी आई तिकडे आजी आहे. पहिल्या काही भेटी दोघांच्या वेगवेगळ्या घ्या.

गाडी अडली तर

‘सी, दोक्तोरा’ म्हणतात पण घरचा अभ्यास करत नाहीत: तो होकार बहुधा आदराचा असतो. ‘यातलं काय जमणार नाही असं वाटतं?’ असं विचारा. तक्ता भरायला देण्याऐवजी म्हणींतून बोला. ‘आयूदाते के दिओस ते आयूदारा’, म्हणजे तू हातपाय हलव, देव मदत करील, ही म्हण श्रद्धाळू माणसाला आपल्या तक्त्यापेक्षा लवकर हलवते.

तामालेचा (मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थाचा) डबा आणतात: घ्या आणि नोंद करा. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत काही संस्कृतींत छोटी भेट आदरानं दिली जाते, हे स्पष्ट मान्य केलं आहे. महागडी वस्तू असेल तर प्रेमानं नकार द्या.

येणं थांबवतात: शेरा मारण्याआधी फोन करा. कामाची पाळी बदलली असेल, मुलाला ठेवायला कोणी नसेल, रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली असेल. संध्याकाळची वेळ द्या, नाहीतर फोनवरच भेट घ्या. शक्य असेल तर वस्तीतल्या ‘प्रोमोतोरा’ला, म्हणजे आपल्या आशाताईंसारखं काम करणाऱ्या बाईला, निरोप द्या, पण आधी त्या माणसाची परवानगी घेऊनच. आणि ९८८ हा संकटकाळचा नंबर पहिल्याच भेटीत लिहून द्या. स्पॅनिशसाठी २ दाबायचं, हे त्याच कागदावर, त्यांच्या भाषेत लिहा.