मैदानाला पाणी मारताना या चुका टाळा, नाहीतर खेळाडू घसरणारच

फुटबॉलच्या सामन्यात दोन-तीन खेळाडू एकाच भागात आपटले की कडेने आवाज येतो, ‘पाणी जास्त झालंय!’ पुढच्या सामन्याला मग पाणीच मारत नाहीत आणि तरीही पोरं घसरतात. याचं कारण साधं आहे. पाणी किती पडलं यापेक्षा ते कुठे थांबलं, यावर पाय टिकतो की सुटतो हे ठरतं. वरच्या पाव इंचात साचलेलं थोडं पाणी घसरवतं. तेवढंच किंवा त्याहून जास्त पाणी मुळांपर्यंत मुरलं, की तीच जमीन पाय धरते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, त्याच अवस्थेत मैदान हवं: बुटाचा स्टड, म्हणजे तळाला असलेला खुंटा, आत शिरेल इतकं मऊ, आणि शिरल्यावर माती फाटणार नाही इतकं घट्ट.

आधी घसरल्याची खूण बघा

कुणी पडला की खेळ थांबल्यावर त्या जागी जाऊन खाली वाकून पाहायचं. निम्मं निदान तिथेच होतं.

लांबट, गुळगुळीत पट्टा उमटलाय आणि नखाने उकरलं तर खाली कोरडी, टणक माती लागते? मग वरवर पाणी मारलं गेलंय. गवताचा तुकडा चटईसारखा उचलला गेलाय आणि त्याखाली मुळं जेमतेम बोटाच्या पेराएवढी आहेत? मग दोष रोजच्या शिडकाव्याचा. बूट रुतलाय, स्टडमध्ये चिखल भरलाय, तर जमीन खरोखर जास्त ओली आहे किंवा निचरा होत नाहीये. आणि खूणच दिसत नसेल, नुसता ओरखडा असेल, तर मैदान इतकं कडक आहे की स्टड आत गेलेच नाहीत. तिथे पाणी जास्त नाही, कमीच पडलंय.

सामन्याच्या तासभर आधीचा टँकर

आपल्याकडची सगळ्यांत मोठी चूक ही. कोल्हापूरसारख्या ठिकाणी फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होऊन थेट उन्हाळ्यात जातो. मार्च-एप्रिलमध्ये धूळ उडते, दुपारी चारचा सामना असतो, म्हणून तीनला टँकर फिरतो. धूळ बसते खरी. पण हिशेब करून पाहा.

एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. पूर्ण मापाचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. दहा हजार लिटरचा टँकर त्यावर सारखा पसरला तरी दीड मिलिमीटरही भरत नाही. उन्हाने दगड झालेल्या काळ्या मातीत हे पाणी खाली जात नाही. वरचा थर चिकट लगदा होतो, खाली फरशी तशीच. खेळाडू वळायला जातो आणि लगद्यासकट सरकतो. मुरमाच्या मैदानावरही तोच प्रकार, फक्त लगद्याऐवजी बारीक मातीचा पातळ चिखल.

खरंच मुरवायचं असेल तर एका वेळी निदान दहा मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे ७१,४०० लिटर, सात टँकर. हा आकडा ऐकून कमिटीतले लोक एकमेकांकडे बघायला लागतात, हे मान्य. बोअर किंवा विहिरीची सोय असेल तर एका रात्री अर्धं मैदान आणि दुसऱ्या रात्री अर्धं, असं सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी उरका. पाणी एकदम सोडू नका. थोडं मारा, मुरू द्या, पुन्हा मारा. काळ्या मातीला हे धीराचं काम लागतंच. वाफसा आल्यावर हलका रोलर. सामन्याच्या दिवशी सकाळी फक्त धूळ बसण्यापुरता शिडकावा केला, तर दुपारपर्यंत वरचा थर सुकलेला असतो आणि खालचा ओलावा टिकलेला असतो. ओल्या काळ्या मातीवर रोलर मात्र अजिबात नको. माती दाबली जाते आणि पुढच्या वेळी पाणी वरच थांबतं.

पाणी कुठवर गेलंय ते कळायला यंत्र लागत नाही. लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबा. जिथे अडतो, तिथवरच ओल आहे.

रोज थोडं थोडं

माळ्याला रोज संध्याकाळी पाइप धरायची सवय असते आणि मैदान हिरवंगारही दिसतं. पण पाणी वरच मिळत असेल तर हरळी मुळं खाली कशाला पाठवेल? आपल्या बहुतेक मैदानांवर हरळी किंवा तिच्याच संकरित जाती आहेत. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी लावलेलं रिव्हिएरा बर्म्युडा गवतही त्याच कुळातलं. मुळं खोल गेली तर हे गवत स्टडला उत्तम धरतं. वरच राहिली तर पाय वळताच गवताचा पापुद्रा निघतो आणि खेळाडू त्यावर स्वार होऊन जातो.

म्हणून पाणी भरपूर द्या आणि मग खंड पाडा. कडक उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांचा खंड साधारण चालतो. माती वालुकामय असेल तर कमी, काळी असेल तर जास्त. वेळ पहाटेची. संध्याकाळी पाणी दिलं की पाती रात्रभर ओली राहतात, बुरशी धरते, सावलीच्या बाजूला शेवाळ येतं. शेवाळावर कोणताही बूट टिकत नाही.

वर्षानुवर्षं साचलेल्या मेलेल्या गवताच्या थराचं वेगळंच दुखणं आहे. तो पाणी धरून ठेवतो. खालची माती ठीक असली तरी पाय त्या ओल्या थरावरूनच सरकतो. इथे पाणी कमी-जास्त करून काही साधत नाही. तो थर दाताळ्याने विंचरून काढायला हवा.

अर्धं ओलं, अर्धं कोरडं

सगळं मैदान ओलं असेल तर खेळाडू पाच मिनिटांत सावरून घेतो, पावलं आखडती टाकतो. तो फसतो ते कोरड्यावरून पळत येऊन ओल्यावर वळताना. नळाजवळचा कोपरा कायम चिंब आणि पलीकडची बाजू तहानलेली, हे चित्र पाइपने पाणी मारणाऱ्या प्रत्येक मैदानावर दिसतं. स्टँडची सावली पडणारी बाजूही उशिरा सुकते. तिथे पाणी कमीच द्यायचं.

स्प्रिंकलर असतील तर एकाचा फवारा शेजारच्या स्प्रिंकलरपर्यंत पोचायला हवा. तपासायचं असेल तर एकसारखे रिकामे डबे मैदानभर ठेवा, पंधरा मिनिटं पाणी चालू ठेवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. युरोपात युएफाच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल महासंघाच्या नियमातही पाणी सगळीकडे सारखं द्यावं, ठरावीक भागालाच नको, असं लिहिलेलं आहे.

डबकं झालेल्या जागी आयत्या वेळी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकणं ही त्याचीच पुढची चूक. वरून कोरडं दिसतं म्हणून खेळाडू बिनधास्त पाय टाकतो आणि वाळूखालचा चिखल त्याला घेऊन जातो. स्पंजाने किंवा गोणपाटाने पाणी टिपून घ्या, काट्याने खोलवर टोचे मारा.

टीव्हीवर बघून नक्कल

युरोपातले क्लब सामन्याआधी आणि मध्यंतरात फवारे सोडतात, मग आपण का नाही? ते सोडतात ते चेंडू गवतावरून वेगाने सरकावा म्हणून. आणि त्यांच्या गवताखाली वाळूप्रधान थर असतो, पाणी झटकन खाली जातं. काळ्या मातीवर मध्यंतरात पाणी मारणं म्हणजे दुसऱ्या हाफसाठी चिखल तयार करणं.

तिथेही मोकळं रान नाहीच. युएफाच्या स्पर्धांत पाणी मारायचं वेळापत्रक यजमानांना सामन्याच्या दिवशीच्या बैठकीत सांगावं लागतं. एरवी सामन्याच्या तासभर आधी पाणी थांबवायचं. त्यानंतर मारायचंच असेल तर सुरुवातीपूर्वीच्या दहाव्या ते पाचव्या मिनिटात किंवा मध्यंतरात पाच मिनिटांपुरतं. (२८ एप्रिल २०१० रोजी बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढून इटलीच्या इंटर मिलानचे खेळाडू बार्सिलोनाच्याच कॅम्प नोऊ मैदानावर नाचत असताना सुरू झालेले फवारे कोणत्या वेळापत्रकात होते, ते विचारू नका.) आपल्या स्थानिक स्पर्धांनीही निदान पाहुण्या संघाला पाण्याची वेळ सांगावी. वॉर्मअप कोरड्यावर आणि सामना ओल्यावर झाला की खेळाडू चुकीचे बूट घालून उतरतो.

बुटांचा प्रश्न जुनाच आहे. १९५४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नच्या पावसात पश्चिम जर्मनीकडे बदलता येणारे स्क्रूचे स्टड होते आणि त्यांनी हंगेरीला ३-२ हरवलं. २००८च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मॉस्कोच्या पावसात चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी पेनल्टी मारताना टेकवलेल्या पायावरच घसरला, चेंडू पोस्टला लागला. आपल्याकडे बहुतेकांजवळ एकच जोड असतो. तो झिजलेला असेल किंवा बारीक रबरी गुठळ्यांचा टर्फ शू असेल, तर ओल्या गवतावर मैदानाला दोष देऊन उपयोग नाही.

‘कोरडं ठेवलं की सुरक्षित’

ही समजूत घसरण्याहून महागात पडते. घसरलेला खेळाडू बहुतेक वेळा उठून पळतो. पाय जमिनीत अडकून शरीर फिरलं तर गुडघ्यातला लिगामेंट जातो आणि हंगाम संपतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन ऑर्चर्ड यांनी तिथल्या वेगळ्या ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉलमधल्या दुखापतींचा अभ्यास करून कोरडी, कडक मैदानं आणि गवताचा प्रकार यांचा गुडघ्याच्या या दुखापतींशी संबंध दाखवला आहे. कृत्रिम मैदानांसाठी फिफाने वळताना होणाऱ्या अडथळ्याला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घातल्या आहेत. पकड जास्त झाली तरी ती नापासच.

कृत्रिम मैदानावर पाणी मारायचं ते मुख्यतः उन्हाळ्यात थंडावा मिळावा आणि घासून कातडी सोलू नये म्हणून. थंडावा थोडाच वेळ टिकतो, तेव्हा सामन्याच्या अगदी तोंडावर आणि सगळीकडे सारखं मारा.

नैसर्गिक मैदानावर शेवटची तपासणी दोन्ही पेनल्टी बॉक्समध्ये करा. टाच दाबली आणि भोवती पाणी वर आलं, तर पंचांना आधीच बोलवून दाखवा. खेळवायचं की नाही हा निर्णय त्यांचा आहे, आणि तो संघ उतरण्याआधी झालेला बरा.