जीसीसीला नवीन भाषेचा फ्रंट एंड कसा जोडावा: आधी जोडणी, मग पार्सर

दादरला दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण लॅपटॉप उघडून बसतो. आमच्यातल्या कॉलेजच्या दोन मुलांनी मराठी शब्दांची एक छोटी भाषा आखली: ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोवर’, ‘परत’. तीन महिने खपून त्यांनी तिचा पार्सर, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, लिहिला. तो जीसीसीला, म्हणजे प्रोग्रामचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या मुक्त कंपायलरला, जोडायला घेतला आणि निम्मा टाकून द्यावा लागला. पार्सर चुकीचा नव्हता. पण त्याने बांधलेल्या झाडात (प्रोग्रामच्या फांद्या-फांद्यांच्या रचनेत) ‘अ + ब’ म्हणजे नुसतं ‘अ + ब’ होतं. ते पूर्णांक की अपूर्णांक, किती बिटांचं, फाइलमध्ये नेमकं कुठे, याची नोंदच नव्हती. जीसीसीला ही माहिती जागोजागी लागते. म्हणून इथे मी क्रम उलटा ठेवला आहे.

फ्रंट एंडचं काम एकच: मजकूर वाचून त्याचं ‘जेनेरिक’ नावाचं झाड बांधणं. पुढे त्याचं ‘गिंपल’ होतं (सोप्या पायऱ्यांत मोडलेलं रूप), मग ‘आरटीएल’ (प्रोसेसरच्या सूचनांच्या आणखी जवळचं रूप), आणि शेवटी प्रोसेसरची असेंब्ली. जेनेरिकच्या पलीकडचं सगळं, म्हणजे ऑप्टिमायझेशन आणि इंटेलपासून एआरएमपर्यंतचे प्रोसेसर, आयतं मिळतं. डी (जीसीसी ९, २०१९), मॉड्युला-२ (जीसीसी १३, २०२३) आणि कोबोल (जीसीसी १५, २०२५) याच वाटेने आत आल्या. आपल्याकडे पवईला आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. जीसीसीच्या अंतरंगावर तिथे घेतलेल्या कार्यशाळांचं साहित्य मिळालं तर सोडू नका. या थरांची ओळख मला तिथूनच नीट झाली.

१. आधी आहे तो जीसीसी बांधा. सोर्स एका फोल्डरमध्ये ठेवा, बिल्ड दुसऱ्यात करा. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या अचूक गणिताच्या लायब्ऱ्या आणणारी स्क्रिप्ट ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमध्ये तयार आहे. कॉन्फिगर करताना भाषा मोजक्याच निवडा आणि बूटस्ट्रॅप बंद करा. तो चालू राहिला तर कंपायलर स्वतःलाच तीनदा बांधतो, आणि माझ्या लॅपटॉपवर ठाण्याहून सीएसएमटीला जाऊन परत आलं तरी ते संपत नाही.

२. रिकामं घर उभं करा. सोर्सच्या ‘जीसीसी’ फोल्डरात आपल्या भाषेच्या नावाचा फोल्डर करा. त्यात चार फाइली लागतात. कॉन्फिग-लँगमध्ये भाषेचं नाव आणि कंपायलरचं नाव असतं, लँग-ऑप्टमध्ये कमांड लाइनचे पर्याय. लँग-स्पेक्समध्ये कुठल्या एक्स्टेन्शनची फाइल कुणाकडे पाठवायची ते लिहितात, कारण आपण चालवतो तो ‘जीसीसी’ हा फक्त ड्रायव्हर, म्हणजे कामं वाटून देणारा, आहे. खरं काम सी साठी ‘सीसी१’ आणि फोरट्रानसाठी ‘एफ९५१’ करतो. चौथी मेक-लँग, बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ या साधनासाठी. तिच्यात इन्स्टॉल, क्लीन, इन्फो अशी ठरलेली टार्गेट्स असावीच लागतात, करायचं काही नसलं तरी रिकामी लिहा. एखादं राहिलं की मेक तिथेच अडून बसतो.

३. हुक्स भरा. कंपायलरचा मधला भाग तुमच्या भाषेशी ‘लँग हुक्स’मधूनच, म्हणजे तुम्ही भरून द्यायच्या ठरावीक फंक्शन्समधूनच, बोलतो: सुरुवात कर, फाइल पार्स कर, अमुक आकाराचा प्रकार दे. जवळच्या भाषेचा फोल्डर शेजारी उघडा ठेवून हे लिहिणं सोपं जातं.

४. बेचाळीस परत करा. पार्सर अजून नाहीच. पार्स करण्याच्या हुकमध्ये फाइल न वाचता ‘मेन’ नावाचं एक फंक्शन हाताने बांधा, जे ४२ परत करतं. हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे जीसीसीच्या अपेक्षा एकेक करून समोर येतात. फंक्शनचा प्रकार हवा. परत जाणाऱ्या मूल्याची वेगळी घोषणा हवी आणि तिचा संदर्भ त्याच फंक्शनकडे हवा. फंक्शनच्या ‘डीईसीएल इनिशियल’ या खणात ब्लॉक हवा, नाहीतर हे फंक्शन दुसरीकडे कुठेतरी लिहिलेलं आहे असं समजलं जातं. आम्ही ‘ट्री पब्लिक’ ही, फंक्शन बाहेरच्यांना खुलं करणारी, खूण लावायला विसरलो होतो. कंपाइल व्यवस्थित झालं, पण लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) म्हणे ‘मेन’ सापडत नाही. फंक्शन असेंब्लीत दिसत होतं, फक्त बाहेरच्यांसाठी खुलं नव्हतं. अख्खा रविवार त्यात गेला. झाड बांधून झालं की ते गिंपलमध्ये उतरवा, फंक्शन कॉलग्राफच्या (कोण कुणाला बोलावतो याच्या नोंदीच्या) हवाली करा आणि गिंपलचा डंप काढून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. प्रोग्राम चालवल्यावर शेलला त्याचा एक्झिट कोड विचारा, ४२ आले की जोडणी झाली.

५. आता पार्सर. एकेक वाक्यरचना घ्या आणि ती लगेच जेनेरिकपर्यंत न्या. देवनागरीत दोन जागी हमखास ठेच लागते.

पहिली जागा स्तंभाची, म्हणजे ओळीत कितव्या जागी ते मोजण्याची. जीसीसी स्तंभ बाइटमध्ये धरतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. ‘परत ४२’ या ओळीत ४ हा आकडा आपल्या मोजणीने पाचवा, पण बाइटने अकरावा. तुम्ही ५ दिलात तर चूक दाखवणारा बाण ‘र’च्या पोटात घुसतो.

दुसरी जागा ‘ऱ्य’ची. ‘पायऱ्या’ हे व्हेरिएबल एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, य असं उमटतं, तर दुसऱ्यावर र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरण केलं तरी ते एक होत नाहीत, त्यामुळे लेक्सरमध्येच (अक्षरांचे शब्द पाडणाऱ्या भागात) एक रूप ठरवा. नाहीतर मुलं तासभर ‘पायऱ्या घोषित नाही’ ही तक्रार बघत बसतील आणि त्यांची चूक काहीच नसेल.

६. चाचण्या. जीसीसीच्या चाचण्या डेजाग्नू या चाचणी-साधनावर चालतात. चुकीच्या प्रोग्रामवर कुठल्या ओळीत कुठला संदेश यायला हवा, याच्याही चाचण्या लिहा.

७. मुख्य प्रकल्पात. नवीन भाषा घ्यायची की नाही ते स्टीअरिंग कमिटी ठरवते, आणि ती पुढे कोण सांभाळणार हे तिला कळावं लागतं. काम सुटसुटीत पॅचेसमध्ये तोडा. कोडचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहून देता येतात, किंवा २०२१ पासून प्रत्येक पॅचवर साइन-ऑफ (हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी सही) करूनही चालतं. मोठे बदल ‘स्टेज १’ या दरवर्षीच्या टप्प्यातच, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाठवा, त्यानंतर दुरुस्त्यांचा हंगाम सुरू होतो.

आमची भाषा अजून बाहेरच्या शाखेतच आहे. आतल्या फ्रंट एंडना एक सोय असते: अंतर्गत फंक्शन बदलणारा माणूस जीसीसीच्या सोर्समधले त्याचे सगळे वापर स्वतःच दुरुस्त करतो. बाहेरच्यांना ते आपलं आपण करावं लागतं, म्हणून रविवारी बसल्याबसल्या पहिला अर्धा तास मुख्य शाखा ओढून बिल्ड करण्यात जातो. महिनाभर टाळलं तर तोच अर्धा तास दोन रविवार खातो.