लहान पाइपांचे सॉकेट वेल्ड : कंपनाने जाणारे तडे कसे शोधायचे, कसे थांबवायचे

अणुवीज केंद्रात फटीग (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने धातू थकून तडा जाणं) म्हटलं की फ्रान्सच्या सिव्हो-१ या अणुभट्टीचं नाव निघतं. तिथे १२ मे १९९८ रोजी, गरम आणि गार पाणी मिसळणाऱ्या ठिकाणाजवळच्या एल्बोला (पाइपच्या वळणाला) सुमारे १८ सेंटिमीटरचा तडा जाऊन गळती झाली. तो तापमानाच्या चढउताराचा फटीग. इथे विषय आहे त्याहून साधा आणि नेहमी भेटणारा: ५० मिमी व त्याखालच्या ड्रेन, व्हेंट आणि इन्स्ट्रुमेंट लाइनींच्या सॉकेट वेल्डचा, म्हणजे पाइपचं टोक फिटिंगच्या खोबणीत (सॉकेटमध्ये) घालून बाहेरून केलेल्या वेल्डचा.

आधी वेळेचा हिशोब बघा. १४८० आरपीएमचा पंप म्हणजे सेकंदाला जवळपास २५ हेलकावे. या वेगाने १ कोटी फेरे साडेचार-पाच दिवसांत पुरे होतात. म्हणून ‘पुढच्या शटडाउनला बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

पाहणीला निघताना लाइनच्या टोकाकडे बघा. हेडरमधून (मुख्य पाइपमधून) निघालेला आखूड पाइप, त्याच्या टोकाला जड व्हॉल्व्ह आणि कुठेही आधार नाही, ही सगळ्यात धोक्याची रचना. सपोर्टवर घासून चकाकलेली जागा, ओलं इन्सुलेशन आणि पीडब्ल्यूआरमध्ये (दाबाखालच्या साध्या पाण्याच्या अणुभट्टीत) सांध्याभोवती साचलेला बोरिक आम्लाचा पांढरा थर ही खूण समजा. पीएचडब्ल्यूआरमध्ये (जड पाण्याच्या अणुभट्टीत) हवेतला ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) वाढला तर जड पाण्याच्या लाइनी आधी तपासा.

कंपन व्हॉल्व्हच्या टोकाशी, तिन्ही दिशांना मोजा. पंपांची प्रत्येक जोडणी आणि कमी-जास्त प्रवाह, दोन्ही घ्या. कितीतरी लाइनी रिसर्क्युलेशनच्या कमी प्रवाहातच थरथरतात, पूर्ण लोडला शांत असतात. कंपनवेगाचा पीक १२.७ मिमी प्रति सेकंदाच्या आत असेल तर प्राथमिक चाळणीत लाइन पास. त्यावर गेला म्हणजे तुटणारच असं नाही, पण स्ट्रेन गेज लावून ताण मोजायलाच हवा. पंप बंद असताना लाइनला हातोडीने हलका ठोका देऊन तिची नैसर्गिक वारंवारता काढा. पाच पात्यांचा इम्पेलर असेल तर ती २५ हर्ट्झसोबत १२३ हर्ट्झच्या आसपासही येऊ देऊ नका.

पेनेट्रंट टेस्ट (रंगीत द्रव मुरवून पृष्ठभागावरचे तडे शोधणारी चाचणी) स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. तडा बहुतेक वेळा रूटमधून (वेल्डच्या आतल्या मुळातून) सुरू होतो आणि बाहेर दिसतो तेव्हा पाणीही आलेलं असतं.

तुटलेला सांधा ग्राइंडरने साफ करू नका. तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यासारख्या रेषा असतात. त्या कुठून पसरल्या यावरून तडा रूटपासून आला की ‘टो’पासून (वेल्डच्या बाहेरच्या कडेपासून) हे कळतं. दुरुस्तीची दिशा त्यावरच ठरते.

नवा सांधा करताना पाइप सॉकेटच्या तळाला टेकवा, खूण करा आणि १.६ मिमी मागे ओढूनच वेल्ड करा. फट नसेल तर वेल्ड आकसताना आणि नंतर तापताना पाइप तळावर दाबला जातो. शंका असल्यास रेडिओग्राफीने फट तपासा. २५ एनबी (नाममात्र २५ मिमी व्यासाच्या), शेड्यूल ८० पाइपची जाडी ४.५५ मिमी. फिलेटचा (कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डचा) पाय, म्हणजे एका बाजूची लांबी, तिच्या १.०९ पट, म्हणजे किमान ५ मिमी. कंपनाच्या लाइनवर पाइपच्या बाजूचा पाय दुप्पट, १० मिमी ठेवा. त्याने टोजवळचा ताण खरोखर उतरतो. टो गुळगुळीत हवा, अंडरकट (वेल्डच्या कडेला पाइपमध्ये पडलेली खाच) अजिबात नको. जागा असेल तर बट वेल्ड (टोकाला टोक जोडून केलेला) त्याहून चांगला.

पण थरथर तशीच ठेवून नुसता सांधा बदलला तर तो पुन्हा तुटतो. लाइन आखूड करा, व्हॉल्व्ह हलका घ्या, नाहीतर आधार द्या. आधार हेडरलाच बांधा, जमिनीला किंवा भिंतीला नाही. १० मीटर स्टेनलेस स्टील २० वरून २८० अंशांवर गेलं की सुमारे ४४ मिमी वाढतं. भिंतीला जखडलेली लाइन मग कंपनाऐवजी त्या खेचाने चिरते. आधार बसवल्यावर तीच मोजणी, त्याच पंपजोडण्यांवर, पुन्हा करा.