घरच्या चॉकलेटमध्ये मेण: चालतं का, आणि घालायचंच असेल तर कसं?

चॉकलेटला चकाकी यावी, बोटांना चिकटू नये, तुटताना 'टक्' असा आवाज यावा म्हणून त्यात मेण घाला, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकून कुणी म्हणतं, "अरे बापरे, हे तर विष!" आणि कुणी म्हणतं, "काही होत नाही, घरातली मेणबत्ती किसून टाका." दोघंही चुकतात, पण दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

खाद्य दर्जाचं पॅराफिन मेण निघतं पेट्रोलियममधूनच, पण ते खाण्याच्या हिशेबानं शुद्ध केलेलं असतं. शरीर ते पचवत नाही, बहुतेक जसंच्या तसं बाहेर पडतं. मिठाईतून थोडंसं पोटात गेलं तर अपाय नाही, आणि पोषणही नाही. मेणबत्तीचं मेण मात्र जळण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात रंग, सुगंधी द्रव्यं, इतर भेसळ काहीही असू शकतं. पांढरी, बिनवासाची मेणबत्तीसुद्धा नको. वेष्टनावर 'खाण्यायोग्य' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते मेण स्वयंपाकघरात आणूच नका.

"विकतच्या गोळ्यांवरही मेण असतंच की!" हो, असतं. मधमाशीचं मेण (वेष्टनावरचा सांकेतिक क्रमांक ई ९०१) किंवा कार्नोबा हे ताडाच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांवरचं मेण (ई ९०३) गोळीला वरून पॉलिश म्हणून लावतात, तेही अगदी पातळ. चॉकलेटच्या अंगात मेण मिसळणं ही वेगळी गोष्ट आहे.

माझं मत सरळ आहे: मेण घालू नका. चकाकी आणि 'टक्' हे दोन्ही कोको बटरच्या, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीच्या, अंगचे गुण आहेत. ते नीट गोठलं नाही की लोक मेणाकडे वळतात. कोको बटर सहा प्रकारे गोठू शकतं आणि आपल्याला त्यातला पाचवा प्रकार हवा असतो. साधारण ३४ अंशाला वितळणारा, म्हणून हातात टिकतो आणि तोंडात विरघळतो. तो मिळवण्याच्या कामाला टेम्परिंग म्हणतात. माझी गाडी बराच काळ इथेच अडायची, म्हणून हे जरा सविस्तर.

चॉकलेट चिरा. एक तृतीयांश बाजूला ठेवा. ते चकचकीत, पांढरे डाग नसलेलंच हवं, कारण पुढे त्याचंच विरजण लावायचंय. उरलेलं डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या वाडग्यात, वितळवा. डार्क ४५ ते ५० अंशांपर्यंत न्या, मिल्क आणि व्हाइट ४५ च्या पुढे नेऊ नका. मग वाडगं उतरवा आणि आधी त्याचं बूड कोरडं पुसा. बुडाला लागलेला पाण्याचा एक थेंब चॉकलेटमध्ये पडला तरी अख्खा घाणा दाटून त्याचा गोळा होतो.

आता बाजूला ठेवलेलं चॉकलेट मूठ-मूठ घालत ढवळत राहा. डार्क ३१-३२ वर, मिल्क २९-३० वर, व्हाइट २८ च्या आसपास आणायचं. थर्मामीटर वापराच. "ओठाला लावून बघा, गार वाटलं की झालं" हे ज्याचा हात बसलाय त्याला ठीक, इतरांची त्यात फसगत होते. शिवाय वाडग्याच्या कडेचं आणि मधलं तापमान वेगळं असतं, म्हणून ढवळल्याशिवाय मोजू नका. चॉकलेट घट्ट व्हायला लागलं तर वाडगं गरम पाण्यावर काही सेकंदच धरा. डार्क ३४ च्या वर गेलं की जमवलेलं सगळं वितळलं, पुन्हा पहिल्यापासून.

चाचणी सोपी आहे. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाचेक मिनिटांत ते चकचकीत गोठलं तर साच्यात ओता. पट्टे किंवा राखाडी छटा दिसली तर अजून चिरलेलं चॉकलेट घालून ढवळा. चाचणी न करता साचे भरणाऱ्यांची मला खरंच कमाल वाटते.

एवढा खटाटोप नको असेल तर कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, टेम्परिंग लागत नाही, मेणही लागत नाही. खोबरेल तेल घालायचा सल्ला मात्र सोडून द्या. ते २४ अंशांनाच वितळतं, त्यानं चॉकलेट पातळ होईल, पण कडक होणार नाही.

तरीही मेण घालायचंच असेल, तर ३५० ग्रॅम चॉकलेटला १५ ग्रॅम पुरे. त्याहून जास्त घातलंत तर टाळूला थर बसेल, कारण मेण ३७ अंशांच्या तोंडात वितळत नाही. पॅराफिनला वितळायला प्रकारानुसार ४६ ते ६८ अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत मिल्क चॉकलेट बिघडतं. म्हणून मेण किसून वेगळ्या भांड्यात डबल बॉयलरवर वितळवा आणि गरम चॉकलेटमध्ये धार धरून, ढवळत ओता. गार चॉकलेटमध्ये ओतलंत तर मेणाच्या कण्या होतील. वाडगं गरम पाण्यावरच ठेवून, ज्यांवर चॉकलेट चढवायचंय त्या गोळ्या त्यात बुडवा. इथे टेम्परिंगचा नाद सोडा; ३२ अंशांपर्यंत उतरवायला गेलात तर मेण आधी गोठायला लागेल.

मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. फार तापलं की त्याच्या वाफा पेट घेतात. पेटलंच तर पाणी ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करा आणि भांड्यावर झाकण सरकवा. मायक्रोवेव्हही नको, त्यात पॅराफिन जेमतेम तापतं आणि चॉकलेट तोवर करपतं.

कुणाला द्यायच्या असतील तर मेण घातलंय हे सांगून द्या.

भांडी गरम असतानाच कागदानं पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलेलं मेण पाइपात जाऊन गोठतं.