नाशिकच्या गॅरेजने गाडी नीट केली नाही, तर काय कराल?

बाइकवर बाहेरगावची नंबर प्लेट दिसली की या गिऱ्हाइकाला घाई आहे, हे गॅरेजवाल्याच्या लगेच लक्षात येतं. सगळेच त्याचा फायदा घेतात असं नाही, पण घाईचं काम बहुतेक वेळा कच्चंच होतं.

गाडी सोपवताना जॉब कार्ड मागा. छोट्या गॅरेजात ते नसेल, तर कागदावर तक्रार, मीटरचं रीडिंग आणि अंदाजे खर्च लिहून त्याचा फोटो काढा. "आणखी काही निघालं तर आधी फोन करा भाऊ, मगच पार्ट टाका," असं बजावा. बदललेले जुने पार्ट परत हवेत, हेही तेव्हाच सांगा. नंतर मागितलेत तर ते भंगारात गेलेले असतात!

पैसे देण्याआधी चक्कर मारा. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत इंजिनाचा आवाज कळत नाही. गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर जा, जमलं तर मेकॅनिकला मागे बसवा. परत आल्यावर इंजिनाखाली ऑइल ठिबकतंय का बघा. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करा. बहुतेक गाड्यांत ती दोन-तीन सेंटिमीटर हलायला हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चेन ताणून बसवली असेल तर स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाकं) आणि बेअरिंग लवकर जातात. मागच्या चाकाचा नट घट्ट आहे ना, तेही पाहा. डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागत असेल तर बहुधा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिलेली असते. मुंबईकडे निघालात तर पुढे कसारा घाट उतरायचा आहे, सप्तशृंगी गडावर गेलात तर नांदुरीचा घाट. ब्रेकबद्दल शंका असेल तर नाशकातच मुक्काम वाढवा.

दोष सापडला तर भांडू नका. मेकॅनिकलाच गाडी चालवायला द्या, त्याला स्वतःला जाणवलं की निम्मा वाद मिटतो. ऐकलंच नाही, तरी पैसे न देता गाडी काढू नका. ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कायद्याने त्याला आहे. पैसे यूपीआयने द्या आणि बिलावर "दोष कायम असताना रक्कम दिली" असं लिहा.

तक्रार घरी पोहोचल्यावरही करता येते. अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर कंपनीला जॉब कार्डच्या नंबरासह ईमेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, त्यासाठी नाशिकला खेटे नकोत. मुदत दोन वर्षांची.

दरम्यान दुसऱ्या गॅरेजात जायची वेळ आली, तर गाडी खोलण्याआधी पहिल्याच्या कामाचे फोटो काढा आणि काय सापडलं ते नव्या मेकॅनिककडून बिलावर लिहून घ्या. दुसऱ्याचा पाना लागला, की बिघाड त्यानेच केला असं म्हणायला पहिला मोकळा होतो.