वर्धा चालतं, चंद्रपूर पडतं: मॅलॉक शिकताना

सी भाषेत मॅलॉक म्हणजे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागून घेणारं फंक्शन. कॉलेजात ते बहुधा सेमिस्टरच्या शेवटी घाईघाईत उरकतात. मुलाखतीत मात्र प्रश्न नेमके तिथलेच येतात. स्टॅक आणि हीपमधला फरक दोन ओळींत सांगता आला तरी पुरे: स्टॅक म्हणजे फंक्शनच्या आतल्या चलांना आपोआप मिळणारी जागा, हीप म्हणजे मॅलॉकने मागून घेतलेली. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा सहसा ८ एमबी असते, म्हणून फंक्शनच्या आत भला मोठा ॲरे घेतला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो. खरी गोम बाइट मोजण्यात आहे.

समजा जिल्ह्याचं नाव साठवायचं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, पाय मोडणारा हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. ‘वर्धा’ म्हणजे व, र, हलन्त, ध, काना. ५ चिन्हं, १५ बाइट, आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याचा आणखी १. तो १ विसरून मॅलॉककडे १५च मागितले तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो, कारण ६४-बिट लिनक्सवरचं जीलिबसी (ज्या लायब्ररीत मॅलॉक असतं ती) किमान ३२ बाइटचा तुकडा तोडतं, आणि त्यातले २४ वापरता येतात.

आता त्याच कोडला ‘चंद्रपूर’ द्या. ८ चिन्हं, २४ बाइट, आणि मागितलेही २४च. जागा काठोकाठ भरली, आणि शेवटचं शून्य शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर पडलं. तिथेच पुढच्या तुकड्याचा आकार नोंदलेला असतो. त्या ओळीवर काहीच घडत नाही. पुढे कधीतरी तो शेजारचा तुकडा फ्री करताना, म्हणजे परत देताना, प्रोग्राम कोसळतो आणि पोरं तासभर फ्रीची ओळ तपासत बसतात. बिचाऱ्या फ्रीचा काही दोष नसतो.

म्हणून जीसीसी या कंपायलरला ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आणि डीबग माहितीचा पर्याय देऊनच कंपाइल करायची सवय लावा. धुरा कोणत्या ओळीने कोरला आणि तुकडा कुठे घेतला होता, दोन्ही ओळ क्रमांकांसकट दिसतं. वॅलग्राइंड हे तपासणीचं साधनही चालेल, पण त्यात प्रोग्राम १० ते ३० पट मंदावतो. लॅबच्या जुन्या मशीनवर, त्यातही लाइट कधी जाईल याचा नेम नसताना, ते परवडत नाही.

घेतलेली जागा लहान-मोठी करणाऱ्या रिॲलॉकचं उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या चलात) घेऊ नका. जागा मिळाली नाही तर नल (रिकामा पत्ता) येतो, जुना पत्ता हरवतो आणि ती मेमरी गळतीत जाते. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, मग तपासा. रिॲलॉकने तुकडा दुसरीकडे हलवला तर ॲरेच्या आत रोखलेले बाकीचे पॉइंटर निकामी होतात, त्यामुळे पत्त्याऐवजी इंडेक्स जपून ठेवलेला बरा. जागाही एकेकाने वाढवू नका. १६, ३२, ६४ अशी दुप्पट करत गेलं की कॉपीचा खर्च आटोक्यात राहतो.

लॅपटॉप नसेल तर फोनवर टर्मक्स हे टर्मिनल ॲप आणि क्लँग हा कंपायलर पुरतो. फक्त तिथे वरचा २४ चा आकडा जुळेलच असं नाही. ॲन्ड्रॉइड ११ पासून बहुतेक फोनवर स्कुडो हा वेगळा ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) असतो आणि त्याची मांडणीच निराळी आहे.